चोवीस छत्र्या

वहीकाकांचे पणजोबा नदीच्या उतारावर होडीत चढणारी डोकी मोजत असत. आजोबा कोठारातल्या पोत्यांवर खडूच्या रेघा ओढीत. वडील गिरणीच्या फाटकाशी बसून आत जाणाऱ्यांची हजेरी मांडीत आणि तीच माणसे संध्याकाळी बाहेर पडताना पुन्हा मोजीत. आत गेलेले सगळेच बाहेर येतात, यावर त्यांचा भरवसा नव्हता. अशा तीन पिढ्यांच्या पाठीवर जन्मलेल्या माणसाच्या वाट्याला आकाशातून पडणारी माणसे मोजण्याचे काम आले, यात नवल करण्यासारखे काही नाही. घरदार, जमीनजुमला असे काही त्या घराण्यात वारशाने आले नव्हते. आला तो संशय, आणि तो मात्र पिढीगणिक वाढत आला.

त्याच संशयाने वहीकाका आता टेबलावरच्या नव्या यंत्राकडे पाहत होते.

"याला डोळा कशाला?" त्यांनी विचारले.

"कॅमेरा आहे तो, काका," यंत्र बसवायला आलेल्या कॅप्टन बाई म्हणाल्या.

"उड्या मारणारी माणसं तिकडे मैदानात. हा डोळा माझ्याकडे का?"

"बंदच आहे तो."

"डोळे मिटून बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मॅडम. सगळं तीच बघत असतात."

असे म्हणून त्यांनी खणातली जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि यंत्राच्या डोळ्यावर डकवली. कॅप्टन बाईंनी हसू दाबले. त्यांचे वय वहीकाकांच्या नोकरीपेक्षा दोन-तीन वर्षांनी कमीच असावे.

तळ होता छत्रीधारी सैनिकांना शिकवण्याचा. विमानातून पॅराशूट बांधून उडी घ्यायची. अशा पाच उड्या झाल्या, की छातीवर शिवायला कापडी पंख मिळत. चार मारणाऱ्याला काहीच नाही. उड्या पाच झाल्या की चार, हे ठरे वहीकाकांच्या वहीवरून. ती वही हातभर उंच. एका पानावर चोवीस ओळी, कारण एका विमानात चोवीस माणसे मावत. सैनिकाचा क्रमांक, पॅराशूटचा क्रमांक, दार, उंची, वारा, आणि अखेरच्या रकान्यात उडी झाल्याची खूण. एकतीस वर्षांत एकतीस वह्या भरल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही पानावर खाडाखोड नव्हती. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. 'निर्दोष नोंदी' असे प्रमाणपत्र त्या दिवशी तळाच्या प्रमुखांच्या हस्ते त्यांना मिळायचे होते. असे प्रमाणपत्र तळावर आजवर कुणालाच मिळालेले नव्हते.

आणि नेमके आत्ताच वरून फर्मान आले होते, की यापुढे उडीची नोंद ऑनलाइन. उडी मारणाऱ्याने आपली नोंद स्वतः भरायची, ज्या विभागाने पॅराशूटची घडी घातली त्याने दुजोरा द्यायचा, आणि विमानाच्या दारात उभे राहून माणसे बाहेर सोडणाऱ्या उडीप्रमुखाने मान्य म्हणायचे. तिघांचे जुळले की ओळ हिरवी, नाही जुळले की लाल. जुन्या वह्याही त्यात उतरवायच्या होत्या; जमतील तितक्या वहीकाकांनी, उरलेल्या त्यांच्या जागी येणाऱ्याने. मूळ वह्या मग बांधून तळघरात जायच्या.

"आजवर एकट्यानं लिहिलं ते चाललं," वहीकाका म्हणाले. "आता त्याच कामाला तिघं."

"एकट्यावर भार नको म्हणून, काका."

"भाराची तक्रार मी कधी केली?"

वहीकाकांनी ताडले, की हे सारे कुभांड आपल्याला शेवटच्या तीन आठवड्यांत तोंडघशी पाडण्यासाठी रचलेले आहे. फक्त रचणारा कोण, हे त्यांना कळत नव्हते. म्हणून त्यांनी कुणालाच वगळले नाही.

ते ताकही फुंकून प्यायला लागले. दिवसभरात भरलेल्या ओळी संध्याकाळी कागदावर छापून घेत आणि पट्टी धरून वहीशी ताडून पाहत. आपली पाठ फिरताच यंत्राने एखादा आकडा फिरवला तर? परवलीचा शब्द ते दर दोन दिवसांनी बदलत आणि चिठ्ठीवर लिहून रिकाम्या डब्याच्या झाकणात ठेवत, कारण दुसऱ्याचा रिकामा डबा कोणी चोरत नाही. तिसऱ्या दिवशी बायकोने डबा घासला. शब्द वाहून गेला आणि वहीकाकांना कॅप्टन बाईंसमोर मान खाली घालून नवा शब्द मागावा लागला.

"घासण्याआधी झाकण बघायचं नाही का?" त्यांनी घरी येऊन विचारले.

"डब्यात काय आहे ते बघून डबा घासायची रीत या घरात नव्हती," बायको म्हणाली. "आता सुरू करते. उद्यापासून तुमच्या मोज्यांतही बघत जाईन."

"तुला गंमत वाटते."

"गंमत कसली? लग्न ठरलं तेव्हा माझ्या वयाचा दाखला तुमच्याकडच्यांनी दोन ठिकाणांहून मागवला होता. तेव्हाच ओळखलं मी, कुठल्या घरात पडतेय ते."

पहिली वही चार दिवसांत उतरली. साऱ्या ओळी हिरव्या झाल्या. वहीकाकांना याचा आनंद व्हायला हवा होता. पण इतके सुरळीत चालले आहे त्या अर्थी पुढे काहीतरी दबा धरून बसले आहे, असेच त्यांना वाटले. आणि संशयी माणसाचे दुर्दैव असे, की शंभरातून एकदा त्याचे खरे ठरते.

दुसऱ्या वहीच्या एकेचाळिसाव्या पानावर तेवीस ओळी हिरव्या झाल्या आणि एक लाल झाली. तिच्याखाली यंत्राने लिहिले होते : 'हे पॅराशूट न उघडता परत आले आहे.' आणि त्याखाली : 'याच विमानासाठी दिलेले दुसरे एक पॅराशूट उघडून परत आले आहे. उडी मारणाऱ्याची नोंद नाही.'

वहीकाकांनी वही पाहिली. त्यांचेच अक्षर, त्यांचीच खूण. पानाच्या तळाशी उडीप्रमुखाची सही. तो उडीप्रमुख वारून आता दहा वर्षे झाली होती.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय," ते कॅप्टन बाईंना म्हणाले.

कॅप्टन बाईंनी वाकून पाहिले. "यंत्राला स्वतःचं काही ठाऊक नसतं, काका. घडी विभागानं त्यांची जुनी कार्डं भरली, तुम्ही वही भरली. त्यानं दोन्ही शेजारी ठेवली, इतकंच."

"म्हणजे घडी विभागाची चूक."

"असेलही."

त्या 'असेलही'त वहीकाकांना खोच दिसली. त्यांनी पान क्रमांक कागदावर टिपला, यंत्रावर फडके टाकले आणि ते घडी विभागाकडे निघाले.

घडी विभाग म्हणजे एक लांबच लांब पत्र्याची छपरी. उघडलेली पॅराशूटे उंच दोरांवर वाळत घातलेली, आणि खाली तीस-तीस पावले लांबीची गुळगुळीत टेबले. त्यांवर बायका रेशमासारखे नायलॉन पदरापदराने दुमडत होत्या. बाहेरच्या माणसाला तिथे मज्जाव होता. वहीकाकांना मज्जाव नव्हता, पण नोकरीत ते तिथे दोनदाच आले होते. त्यांचे दप्तर आणि हे दप्तर यांत तीनशे पावलांचे अंतर होते, आणि एकतीस वर्षांत या दोन दप्तरांची गाठ पडली नव्हती.

मुकादमीण, जिला सारे घडीमावशी म्हणत, दोऱ्यांची जुडी मोजत होती. तिने मोजणे संपेपर्यंत वर पाहिले नाही.

"मावशी, तुमचं एक जुनं कार्ड चुकलंय," वहीकाका म्हणाले.

"बसा," घडीमावशी म्हणाली. "आणि पुन्हा म्हणा. ऐकण्यात चुकलं असेल माझं."

वहीकाकांनी कागद पुढे केला. तिने तो वाचला आणि कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. प्रत्येक पॅराशूटच्या पिशवीला एक कप्पा असतो आणि त्यात एक कार्ड. घडी कोणी घातली, कोणाला दिले, उघडून आले की न उघडता, सारे त्यावर. पॅराशूट बाद झाले तरी कार्ड पेटीत राहते.

"हे बघा. न उघडता परत, मोहोर शाबूत. शेरा : नाकातून रक्त, विमानात चढवला नाही."

"हे नंतर लिहिलेलं असू शकतं."

घडीमावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काका, माझ्या हातच्या घडीवर माणसं विमानाबाहेर पाय टाकतात. तुमच्या वहीवर कोण टाकतं?"

जवळच्या टेबलावरच्या दोघी-तिघी खाली मान घालून हसल्या. वहीकाकांना तोंडात मारल्यासारखे झाले. पण घडीमावशी थांबली नाही. तिने पेटीतून दुसरे कार्ड उपसले.

"आणि हे त्या दिवशी उघडून आलेलं. ऐन वेळी राखीव माणसाला दिलेलं. क्रमांक लिहिलाय त्याचा."

वहीकाकांनी क्रमांक वाचला. तो त्यांना पाठ होता. एकोणतीस वर्षे दरवर्षी एका अर्जाच्या डोक्यावर तो त्यांच्या खिडकीत येत असे.

ते टेबलाची कड धरून उभे राहिले. पायाखालची वाळू सरकणे म्हणजे काय, ते त्यांनी आजवर फक्त ऐकले होते.

कारण एक गोष्ट त्यांना आणि फक्त त्यांनाच ठाऊक होती. उडीच्या आदल्या दुपारी यादी आली, की ते चोवीस नावे वहीत आधीच चढवून ठेवत. पॅराशूट, दार, उंची, सारे यादीवरून. अक्षर देखणे यावे, घाईत खाडाखोड होऊ नये, म्हणून. दुसऱ्या दिवशी खिडकीशी उभे राहून आकाशात उघडणाऱ्या छत्र्या मोजत. चोवीस उघडल्या की चोवीस खुणा. कधी कमी भरल्या, तर कोण गळाला ते उडीप्रमुखाला विचारत. त्या दिवशी चोवीसच भरल्या होत्या. गणती जुळली होती. इतक्या उंचीवरून छत्री दिसते, माणूस दिसत नाही.

विमानापाशी एक राखीव गडी पॅराशूट बांधून बसवून ठेवण्याची तळाची पद्धत होती. कोणी ऐन वेळी गळाला तर तो चढे. न चढला तर त्याचे नाव कुठेच लागत नसे. त्या दिवशी एकाच्या नाकातून रक्त आले आणि हा चढला. याची ती पाचवी उडी होती. रक्त आलेल्याने आपली उडी दुसऱ्या दिवशी भरून काढली आणि पुढे शेकडो मारल्या. वहीत त्याच्या नावावर पाचाच्या जागी सहा लागल्या आहेत हे वहीकाकांनी तेव्हा पाहिलेही होते. हौशी दिसतो, इतकेच त्यांच्या मनात आले होते. जास्त दिसले त्यावर त्यांनी कधी संशय घेतला नाही. संशय घेतला तो कमी दिसले त्याच्यावर.

पंखांची यादी वाचली गेली तेव्हा त्या राखीव गड्याचे नाव तीत नव्हते. तो खिडकीशी आला होता.

"माझी एक राहिली लिहायची."

"वहीत नाही म्हणजे झाली नाही."

"अहो, मी मारली ना."

"असं सगळेच म्हणतात."

असे सगळे म्हणत नसत. त्याच्याआधी कोणीच म्हणाले नव्हते. पुढच्या तुकडीत पुन्हा उडी मार, असे त्याला सांगण्यात आले. पण त्याआधीच नेमबाजीच्या मैदानावर त्याच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आणि पलटणीने त्याला घरी पाठवले. चार उड्यांचा माणूस, बिनपंखांचा. त्यानंतर तो दरवर्षी अर्ज घेऊन येई. एकदा त्याने त्याच विमानातल्या एका सोबत्याचे पत्रही आणले होते. 'स्नेह्याची साक्ष, अग्राह्य,' असा शेरा मारून वहीकाकांनी ते परत केले होते. कचेरीत त्याला 'साडेचार' म्हणत. ते नाव वहीकाकांनीच ठेवले होते, आणि त्यावर कचेरी पुष्कळ हसली होती.

दुपारी त्यांनी कॅप्टन बाईंना सारे सांगितले. आवाज न चढवता, पुढ्यातल्या टेबलाकडे बघत.

कॅप्टन बाईंनी लाल ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "काका, जुन्या नोंदींत न जुळलेल्या ओळी 'अनिर्णित' म्हणून ठेवायची मुभा आहे. सगळ्या तळांवरच्या मिळून चाळीसेक आहेत. कोणी विचारत नाही."

"त्यातल्या माझ्या किती?"

"आजवर उतरलेल्यांत ही एकच."

"आणि अनिर्णित ठेवली तर?"

"प्रमाणपत्र मिळेल. दुरुस्ती केली तर मात्र मूळ वही चुकीची होती असं तुम्हाला सहीनिशी लिहून द्यावं लागेल. उडीप्रमुख हयात नाहीत, म्हणजे नोंद घेणाऱ्याचाच जबाब लागेल. मग निर्दोष कसं म्हणणार?"

वहीकाकांनी नजर वर केली. "यात तुमचा काय लाभ, मॅडम?"

"माझा?" त्यांना खरोखर समजले नाही. "माझा काही नाही. तुमची एकतीस वर्षं आहेत, म्हणून म्हटलं."

त्यांच्या चेहऱ्यात वहीकाकांनी खोट शोधली, आणि ती सापडेना. ही त्यांच्यासाठी फार अवघड गोष्ट होती. कुभांड कोणी रचलेच नव्हते. म्हणजे उरले ते स्वतःच.

घरी सारे सांगताना त्यांनी चहा अर्धाच घेतला. बायकोने कप उचलला नाही, समोर बसली.

"तो साडेचार," ते म्हणाले. "दरवर्षी येतो तो."

"ठाऊक आहे. एकदा घरी आला होता. तुम्ही सांगितलंत, घरी नाही म्हणून सांग. मी सांगितलं. तो म्हणाला, बरं, आणि पायरीवर बसून बुटाची नाडी बांधू लागला, तर आतून तुमच्या खोकल्याचा आवाज आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण बोलला काही नाही."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तुम्ही म्हणाला असता, तो मुद्दाम नाडी बांधत बसला."

वहीकाका तसेच म्हणाले असते, यात शंका नव्हती.

"तुला तो खोटारडा वाटला?"

"खोटं बोलणारा माणूस एकोणतीस वर्षं एकच खोटं बोलत नाही हो," बायको म्हणाली. "कंटाळतो. मध्ये एखादं नवं तरी सांगतो." मग ती उठली आणि भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत म्हणाली, "आणि तो प्रमाणपत्राचा खिळा मला नाहीतरी गाळणी अडकवायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीकाकांनी जबाब लिहिला. चार ओळींचा. तीन मसुदे केले, आणि तिन्हींत 'नजरचुकीने' हा शब्द घालून शेवटी काढून टाकला. नजर चुकली नव्हती. नजर त्यांनी टाकलीच नव्हती.

आता उरली होती ती ज्याची उडी त्याची संमती. त्याने स्वतः नोंद पाहून तिच्यावर अंगठा लावायचा होता. अर्जांवर फोन क्रमांक नव्हता, पण धंदा लिहिलेला असे : लिफ्ट दुरुस्ती. आणि गेल्या वर्षीच्या अर्जावर कामाचे ठिकाण : सहा मजली इस्पितळ. कॅप्टन बाईंनी पाटीएवढे एक छोटे यंत्र त्यांच्या हाती दिले आणि ते कसे चालवायचे ते दोनदा समजावले. या खेपेस वहीकाकांनी यंत्राच्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली नाही.

इस्पितळाच्या सहाव्या मजल्यावर लिफ्टचे दार उघडे होते आणि दारात लिफ्ट नव्हती. नुसता काळा हौद होता, खोल. काठावर पाय सोडून एक माणूस बसला होता. केस पांढरे, खांद्यावर तेलकट फडके. येणारे-जाणारे त्याला 'मिस्त्री' म्हणत होते. वहीकाकांच्या ध्यानात आले, की आपण या माणसाला कधीच कुठल्याही नावाने हाक मारलेली नाही.

"अहो," ते म्हणाले. मग उजव्या बाजूला जाऊन पुन्हा म्हणाले.

मिस्त्रीने मान वळवली, पाहिले, आणि पुन्हा पान्याने नट आवळला.

"या वर्षी मी अजून आलो नाही," तो म्हणाला. "तुम्हीच आलात? अर्ज नाकारायला घरपोच सेवा सुरू केली वाटतं."

"तुमची उडी सापडली."

"हरवली नव्हती माझी. मला पहिल्यापासून ठाऊक आहे कुठं आहे ती."

वहीकाका भिंतीला टेकून खाली बसले. गुडघे कुरकुरले. त्यांनी कार्डाचे सांगितले, राखीव गड्याच्या क्रमांकाचे सांगितले, आदल्या दुपारी चढवून ठेवलेल्या नावांचेही सांगितले. हे शेवटचे सांगायची काही गरज नव्हती.

"चूक माझी होती," ते म्हणाले.

"माहीत आहे. त्याच दिवशी माहीत होतं." मिस्त्रीने फडक्याने हात पुसले. "आता कशाला आलात?"

"यावर तुमचा अंगठा लागतो."

मिस्त्रीचे डोळे बारीक झाले. वहीकाकांना ते डोळे ओळखीचे वाटले. दाढी करताना रोज आरशात दिसत ते.

"अंगठा लावला की काय होतं? यापुढं अर्ज करणार नाही, असं काही लिहून घेताय?"

"नाही."

"माझी कसली तक्रार नाही, असं?"

"तसंही नाही. वाचून बघा."

"वाचणारच आहे."

त्याने वरच्या खिशातून चष्मा काढला आणि पाटी डोळ्यांपाशी धरली. त्याने पहिल्या अक्षरापासून वाचायला घेतले. वहीकाकांचा जबाब आला तिथे थांबला, तो दोनदा वाचला, आणि पुढे सरकला. एक परिचारिका जिन्याने वर आली, "मिस्त्री, लिफ्ट कधी?" विचारून गेली. त्याने नुसते बोट वर केले.

"उंची बाराशे फूट लिहिलीय."

"हो. बाराशेच."

"अकराशे होती. ढग खाली आले होते. उडीप्रमुखानं दारातून डोकं बाहेर काढून बघितलं आणि ओरडला, अकराशेवरून सोडतोय, पाय लवकर जुळवा. मी दारात तिसरा होतो. तेव्हा दोन्ही कानांनी ऐकलंय मी."

'पुरावा काय,' हे शब्द वहीकाकांच्या जिभेवर आपसूक येऊन उभे राहिले. तीन पिढ्या त्यांच्या मागे उभ्या राहून तेच म्हणत होत्या. यादीवर बाराशे होते, वहीत बाराशे होते, पानाखाली सही होती. आणि इकडे होता तो एका माणसाचा नुसता शब्द, तोही अशा गोष्टीसाठी, जिने त्याचे काही साधत नव्हते. शंभर फुटांनी उडी काही पाचाची साडेपाच होत नाही.

त्यांनी पाटी घेतली आणि बोटाने हळूहळू आकडा बदलला. अकराशे.

मिस्त्री ते पाहत राहिला. मग म्हणाला, "आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"तेवीस. ते काय दुसऱ्या विमानात होते?"

"त्यांचंही करतो."

"करा."

अंगठ्याला ग्रीस होते. यंत्राने दोनदा नाकारला. मिस्त्रीने तो पँटला घासला आणि तिसऱ्यांदा टेकवला. ओळ हिरवी झाली. खाली अक्षरे उमटली : 'एकूण उड्या : ५.' त्याने ती वाचली, चष्मा मिटला, खिशात ठेवला.

"पंख महिन्याभरात येतील," वहीकाका म्हणाले. "हवं तर मी स्वतः घरी आणून देतो."

"टपालानंच येऊ द्या. तुम्ही आणलेत, तर घरी वाटायचं, मी मागून घेतले."

तो उठला, कमरेचा पट्टा लोखंडी कडीत अडकवला, एकदा ओढून पाहिला, आणि काळ्या हौदात पाठमोरा उतरू लागला. डोके काठाखाली जाण्याआधी तो थांबला.

"जिन्यानं सावकाश उतरा," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावरची एक पायरी उंच आहे."

वहीकाका सावकाश उतरले. तिसऱ्या मजल्यावर एक पायरी खरोखर उंच होती. पण ती पाहण्याआधीच त्यांनी पाय जपून टाकला होता.

कचेरीत येऊन त्यांनी यंत्रावर एकेचाळिसावे पान उघडले. नाकातून रक्त आलेल्याची ओळ रद्द केली. मग पहिल्या ओळीची उंची खोडून अकराशे केली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'मूळ नोंद चुकीची. चूक नोंद घेणाऱ्याची.'

तिसऱ्या ओळीला कॅप्टन बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, याला पुरावा काय जोडू?"

"तो म्हणाला."

"इतकंच?"

"इतकंच."

कॅप्टन बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. उडीप्रमुखाच्या जागी त्यांची मान्यता प्रत्येक ओळीला लागणार होती.

"एक दुरुस्ती असती तर मी प्रमुखांकडे शब्द टाकला असता," त्या हळूच म्हणाल्या. "पण चोवीस म्हणजे..."

"पंचवीस," वहीकाका म्हणाले. "रद्द केलेली धरा."

"शेरा एकदा लिहून सगळीकडे उतरवता येतो. दाखवू?"

"नको."

ते एकेक अक्षर शोधून, एका बोटाने, प्रत्येक ओळीला तो शेरा पुन्हा लिहीत राहिले. तेवीस वेळा. मध्ये चहा आला आणि निवून गेला. त्या तेवीस जणांतले किती हयात होते कोण जाणे. शंभर फुटांचे त्यांच्यातल्या कुणालाही सोयरसुतक नव्हते. पण मागणाऱ्याने मागितले होते, आणि त्याने उभ्या आयुष्यात जास्तीचे असे काहीच मागितले नव्हते.

अखेरची ओळ हिरवी झाली तेव्हा चार वाजले होते. वहीकाकांनी पान वरपासून खालपर्यंत वाचले. चोवीस माणसे, अकराशे फुटांवरून, ढगांखालून. मग त्यांनी कॅप्टन बाईंनी पुढे केलेल्या कागदावर, जिथे नोंद घेणाऱ्याची सही म्हणून रेघ होती तिथे, आपले पूर्ण नाव लिहिले. एकोणतीस वर्षांचे देणे त्या रेघेवर व्याजासकट फिटले.